‘स्वखुशीने’

जानेवारीत गावी गेलो होतो. शेतकरी ओळख क्रमांक काढायचा होता. तो नसेल तर सरकारी योजना मिळणार नाहीत, असं भाईजान फोनवर चार वेळा सांगून झाले होते. सीना नदीच्या काठचं आमचं गाव. चौकात सेवा केंद्र आहे, तिथे रांग लागली होती. माझा नंबर आल्यावर केंद्र चालवणाऱ्या मुलाने गट नंबर टाकला आणि पडद्यावर आमचा सातबारा उघडला. भोगवटादाराच्या जागी तीन नावं होती. अम्मीचं, भाईजानचं आणि माझं.

मुलाने सहज विचारलं, “बहिणी नाहीत का तुम्हाला?”

“आहेत. तिघी.”

“मग हक्कसोड झालेलं दिसतंय. बरं केलं सर. नाहीतर प्रत्येक कामाला सह्या गोळा करत फिरावं लागतं.”

त्याच्या बोलण्यात काहीच वावगं नव्हतं. रांगेतल्या दोघातिघांनी मानाही हलवल्या. मी अंगठा दिला, काम उरकलं आणि घरी आलो. पण ‘बरं केलं’ हे दोन शब्द मनातून जाईनात. संध्याकाळी अब्बांची जुनी पेटी उघडली. त्यात खताच्या पावत्या, सोसायटीची पासबुकं आणि उतारे होते. त्यातच २०१२ सालचा एक उतारा सापडला. त्यावर सहा नावं होती. त्याच्याच खाली पुढचा उतारा होता. त्यावर तीन नावांना कंस केलेला होता. दोन्ही कागदांत चार महिन्यांचं अंतर होतं.

म्हणजे आमच्या तिन्ही बहिणी बापाच्या जमिनीच्या मालक होत्या. फक्त चार महिने.

*

अब्बा गेले २०१२च्या उन्हाळ्यात. मागे आठ एकर जमीन राहिली, निम्मी विहिरीवर आणि निम्मी पावसावर. घरात अम्मी, आम्ही दोघं भाऊ आणि तिघी बहिणी. बहिणींची लग्नं झालेली होती. जियारतीच्या दिवशी मशिदीचे मौलाना आले होते. फातिहा झाल्यावर कुणीतरी वाटणीचा विषय काढला. मौलानांनी बोटांवर हिशेब करून दाखवला. मुलंबाळं आहेत म्हणून बेवा बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे एक एकर. उरले सात. मुलाला मुलीच्या दुप्पट. दोन मुलांचे चार आणि तीन मुलींचे तीन, असे सात भाग. प्रत्येक बहिणीला एक एकर, प्रत्येक भावाला दोन एकर.

हिशेब इतका सरळ होता की शेजारच्या खोलीत बसलेल्या बायकांनाही तो ऐकू आला असणार. मला हे मुद्दाम सांगायचंय, कारण अशा विषयावर बोलताना लोक लगेच अडाणीपणाचं कारण पुढे करतात. बाईला आपला हक माहीत नसतो, समाजात शिक्षण नाही वगैरे. आमच्या घरात त्या दिवशी सगळ्यांना सगळं माहीत होतं. कुणाला किती एकर, हे माझ्या दहा वर्षांच्या भाच्यानेही सांगितलं असतं.

तलाठ्याने वारस नोंद केली. नोटीस लागली, पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही, फेरफार मंजूर झाला आणि सहा नावं सातबाऱ्यावर आली. इथपर्यंत शरियत आणि सरकार दोघांच्याही लेखी सगळं चोख होतं. पुढे चार महिन्यांनी भाईजाननी एक जीप ठरवली, तिघी बहिणींना बोलावून घेतलं आणि आम्ही तालुक्याच्या गावी गेलो. मीही पुण्याहून एक दिवसाची रजा टाकून गेलो होतो. स्टॅम्प वेंडरकडे मजकूर तयारच होता. त्याच्याकडे तो कायम तयार असतो, फक्त नावं आणि गट नंबर बदलायचे. आम्ही आमचा हक्क कोणताही मोबदला न घेता, कुणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने सोडत आहोत.

आत गेल्यावर फोटो झाले, अंगठे झाले. टेबलावरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, “स्वखुशीने सोडताय ना?” आपा म्हणाली, “हो.” मधली म्हणाली, “हो.” धाकटीने नुसती मान हलवली. त्यावर तो म्हणाला, “तोंडाने सांगा ताई.” मग तीही म्हणाली, “हो.”

दहा मिनिटांत तीन एकर आमच्या नावावर आले. येताना भाईजाननी तिघींना साड्या घेतल्या. घरी मटण केलं होतं. जेवताना हसणं-खिदळणं झालं. मला त्या दिवशी वाईट वाटलं होतं, असं मी इथे लिहिलं तर ते खोटं ठरेल. मला काहीच वाटलं नव्हतं. एक काम झालं होतं.

*

या कामाला मोठा इतिहास आहे, हे मला बऱ्याच उशिरा वाचनात आलं. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे खोजा आणि मेमन समाजातल्या वारसाहक्काचे दावे आले होते. मुलींच्या बाजूचं म्हणणं होतं की आम्ही मुसलमान आहोत, कुराणाने ठरवलेला वाटा आम्हाला मिळाला पाहिजे. समोरच्यांचं म्हणणं होतं की आमच्या जमातीत तसा रिवाज नाही. मुलीला पोसायचं, तिच्या लग्नाचा खर्च करायचा, तेवढाच तिचा अधिकार. मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी रिवाजाच्या बाजूने निकाल दिला. मुली हरल्या.

त्यानंतर नव्वद वर्षांनी, १९३७ साली, शरियत कायदा आला. मुसलमानांच्या वारसाहक्काच्या बाबतीत रिवाज नव्हे तर शरियत लागू होईल, असं त्याने ठरवलं. ज्या रिवाजाने मुंबईतल्या मुलींना हरवलं होतं, त्याला आता कायद्यात जागा उरली नव्हती. पण त्याच कलमात सुरुवातीलाच शेतजमिनीचा अपवाद करून ठेवला होता. शेतजमीन हा तेव्हा प्रांतांच्या अखत्यारीतला विषय होता. शिवाय पंजाबसारख्या भागात मुलीला जमीन न देण्याचा रिवाज पक्का रुजलेला होता. पुढे मद्रास, केरळ अशा राज्यांनी आपापल्या दुरुस्त्या करून तो अपवाद काढून टाकला. आपल्याकडे वारस नोंदीत मुसलमान मुलींची नावं शेतीवर लागतात, आमच्याही बहिणींची लागली होती. अडचण पुढे आहे. १८४७ साली कोर्टात जिंकलेला रिवाज १९३७ साली कायद्यात हरला, आणि मग रजिस्टर कचेरीच्या मागच्या दाराने घरी परत आला. आता तो बाईला ‘तुला हक नाही’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, हक तुझाच आहे, फक्त इथे सही कर.

पेरीसाहेबांच्या कोर्टात मांडलेली दलील आणि आमच्या भाईजानची दलील मी शेजारी ठेवून पाहिली. “त्यांच्या लग्नात दिलं की आपण.” तीच दलील, पावणेदोनशे वर्षांनंतरही.

लग्नात काय दिलं, याचाही हिशेब करायला हवा. आपाच्या लग्नात कपाट, पलंग, भांडी आणि दुल्ह्याला मोटारसायकल दिली. त्यातलं आपाच्या हातात काय राहिलं? मोटारसायकल तिच्या दिराने पळवली. कपाटाची किल्ली बरीच वर्षं सासूच्या कमरेला होती. जहेज बहिणीला मिळत नाही, ते तिच्या सासरला मिळतं. आणि आमच्या मजहबमध्ये तर देणं नवऱ्याकडून बायकोला आहे, मेहरच्या रूपाने. आपण ती गंगा उलटी वाहवली आणि वर तोच वारसा म्हणून मोजला.

*

मेहरवरून आठवलं. अब्बांची मय्यत अंगणात ठेवलेली होती. गुसल, कफन झालं होतं, जनाजा उचलायला थोडा वेळ होता. नात्यातली एक म्हातारी अम्मीजवळ आली आणि तिच्या कानाशी म्हणाली, “मेहर माफ कर दे बेटी, उनपर बोझ नको.” अम्मीचा मेहर पाचशे पंचवीस रुपये होता. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. अब्बा फार मायाळू होते, त्यांनी अम्मीला कशाला नाही म्हटलेलं मला आठवत नाही. पण तो मेहर द्यायचा राहून गेला होता, जसा घराघरात राहून जातो. अम्मी रडत होती. रडतारडताच ती म्हणाली, “माफ किया.”

कायद्याने बघायला गेलं तर न दिलेला मेहर हे मयतावरचं कर्ज असतं. वाटणीच्या आधी ते फेडायचं असतं. बायकोच्या हिश्श्याच्या आठव्या भागाशी त्याचा काही संबंध नाही, तो वेगळा. म्हणजे शरियतने बाईला दोन ठिकाणी पैसा दिला, लग्नाच्या वेळी मेहर आणि मरणानंतर वाटा. आणि आम्ही दोन्ही ठिकाणी तिच्याकडून माफी मागून घेतली. मेहर मागितला मय्यतसमोर आणि वाटा मागितला चाळीसाव्यानंतर चार महिन्यांनी. दोन्ही वेळा अशी घडी निवडली की नाही म्हणणारी बाई जगासमोर वाईट ठरावी.

फुप्पीचंही असंच झालं होतं. अब्बांची एकच बहीण. तिने आपल्या काळात अंगठा दिला होता. दर रमजान ईदला अब्बा तिच्याकडे साडी आणि शेवया घेऊन जायचे. लहानपणी मी सोबत जायचो. फुप्पी दारात उभी असायची, आम्हाला पाहून तिचं तोंड उजळायचं. ती शेजारणींना साडी दाखवायची, ‘मेरे भाई ने लाया’ म्हणायची. आज वाटतं, फुप्पीने ती साडी तिच्याच जमिनीच्या पैशात विकत घेतली होती, दर वर्षी एक.

*

मग बहिणी सही का करतात? त्यांना विचारलं तर प्रत्येकीचं उत्तर जवळपास एकच असतं. वाटा घेतला की माहेर तुटतं.

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही, यात व्यवहारही आहे. माहेर म्हणजे पहिलं बाळंतपण, पोरीच्या लग्नात मामाचा आहेर, नवऱ्याने हात उचलला तर रात्री गाठायचं घर. सासरच्या माणसांना एक भीती असते की हिच्यामागे दोन भाऊ उभे आहेत. एक एकर जमीन हातात घेऊन हे सगळं गमावायचं की जमीन सोडून हे राखायचं? ज्या बाईकडे स्वतःची कमाई नाही, ती हिशेब करूनच दुसरी वाट धरते. कागदावरचं ‘स्वखुशीने’ अगदीच खोटं नसतं, ही खरी पंचाईत आहे. तिला निवड असते. पण ती निवड आपण तिच्यासमोर अशी मांडतो की भाऊ किंवा हक, दोन्हींपैकी एकच. असाच सवाल भावाला कुणी घातलाय का? दोन एकर घेतले म्हणून कुठल्या भावाचं माहेर तुटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आमच्या बांधाला बांध लागून ज्यांचं शेत आहे, ते काका हिंदू आहेत. त्यांच्या बहिणींचा कायदा वेगळा. १९५६चा हिंदू वारसा कायदा, मग महाराष्ट्राची १९९४ची दुरुस्ती, मग २००५ची केंद्राची दुरुस्ती. मुलगी जन्मानेच भावाच्या बरोबरीची वाटेकरी झाली. बाप २००५च्या आधी वारला असला तरी मुलीचा हा हक्क जात नाही, हेही सुप्रीम कोर्टाने २०२०च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं. म्हणजे तिला भावाइतकाच वाटा आणि आमच्या बहिणीला भावाच्या निम्मा. पण आम्ही गेलो त्या दिवशी रजिस्टर कचेरीच्या बाहेरच्या बाकावर कपाळावर टिकली असलेल्या दोन बायकाही बसल्या होत्या. त्यांच्या हातात तोच कागद होता. त्यांनाही मान वर न करता तेच विचारलं गेलं आणि त्याही हो म्हणाल्या. कायदे दोन, कागद एक. सही झाल्यावर पूर्ण वाट्याचंही शून्य होतं आणि निम्म्याचंही.

मुसलमान बाईच्या हकावर गेल्या काही वर्षांत टीव्हीवर खूप चर्चा झाली. २०१७ साली एका दमातल्या तीन तलाकवर निकाल आला, २०१९ साली कायदा आला. ते व्हायलाच हवं होतं, माझा त्याला विरोध नाही. पण आमच्या गावात मी उभ्या आयुष्यात तलाक पाहिले दोन. हक्कसोड पत्र मात्र जमीन असलेल्या जवळपास प्रत्येक घरात पाहिलं. त्यावर ना स्टुडिओतले पाहुणे बोलतात, ना आपले जलसे. शरियतमध्ये हस्तक्षेप नको म्हणून मोर्चे निघतात, मीही एका मोर्चात गेलो आहे. घराघरात भाऊच शरियतमध्ये रोज जो हस्तक्षेप करतो, त्यावर कुणी मोर्चा काढलेला नाही.

मुलीला निम्मा वाटाच का, असा सवाल काही वाचक करतील. तो वाद मला टाळायचा नाही, त्यावर कधीतरी सविस्तर लिहीन. पण ज्याने शून्य दिलंय त्याने निम्मा-पूर्णचा वाद घालू नये. आधी निम्मा तरी द्या.

*

हे सगळं मला २०२५ साली का सुचलं, त्याचं कारण आपा आहे.

२०२१च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आपाचे शौहर गेले. त्यांचे वडील तेव्हा हयात होते आणि आहेत. घर, शेत सगळं सासऱ्यांच्या नावावर. आता आपल्या वारसाहक्कातली एक गोष्ट इथे सांगावी लागेल. बापाच्या आधी मुलगा वारला आणि बापाला दुसरे मुलगे असतील, तर त्या मेलेल्या मुलाच्या पोरांना आजोबांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. चुलते घेतात. आजोबा वसियत करून एक तृतीयांशापर्यंत नातवंडांना देऊ शकतात, दिलं पाहिजे असं आलिम सांगतातही. पण त्यांनी नाही दिलं तर आपल्या देशात त्यांना भाग पाडणारं काही नाही. शेजारच्या पाकिस्तानने १९६१ सालीच या यतीम नातवंडांना बापाचा वाटा देणारा बदल केला. आपल्याकडे तो विषय तसाच पडून आहे.

म्हणजे आपाचा मुलगा सासरच्या जमिनीतून कायद्यानेच गेला. आणि माहेरच्या जमिनीतून आपा स्वतःच्या सहीने गेली होती. दोन गावांत मिळून वीसेक एकर जमीन, एका बाजूला बापाची, दुसऱ्या बाजूला सासऱ्याची. तिच्या वाट्याला मात्र एक शिवणयंत्र आणि दोन पोरं.

इद्दत संपल्यावर ती अडीच महिने माहेरी येऊन राहिली. भाईजान आणि भाभींनी काही कमी केलं नाही. पण दुसऱ्या महिन्यात आपा स्वयंपाकघरात जरा जास्तच काम करायला लागली. पोरांना मोठ्याने हसू देईना. एकदा मी गावी गेलो तर तिने मला चहासोबत बिस्कीट देताना भाभींकडे पाहिलं, विचारल्यासारखं. ज्या घरात ती जन्मली, त्या घरात ती बिस्किटाच्या पुड्याला परवानगी मागत होती. नंतर ती सासरच्या गावी परत गेली आणि एक खोली भाड्याने घेऊन शिवणकाम करू लागली. मुलाच्या डिप्लोमाच्या फीसाठी मी चाळीस हजार रुपये पाठवले. तिने फोनवर इतक्या दुआ दिल्या की मला स्वतःचा अभिमान वाटला. बायकोला मी तो फोन स्पीकरवर ऐकवला.

त्या जानेवारीच्या संध्याकाळी दोन उतारे हातात घेऊन बसलो आणि तो अभिमान उतरला. मी तिला मदत केली नव्हती. तिच्याच एकरातून आठ-नऊ वर्षं जे पीक आम्ही खाल्लं, त्यातले थोडे पैसे परत केले होते.

*

दुसऱ्या दिवशी मी मौलानांकडे गेलो. विचारलं, जुम्माच्या खुत्ब्याआधी तुम्ही नमाज, रोजा, जकात, सूद, सगळ्यावर बोलता, बहिणींच्या वाट्यावर का बोलत नाही? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बोललो असतो जनाब. पण माझ्या स्वतःच्या बहिणींच्याही सह्या झालेल्या आहेत. मिंबरजवळ उभं राहून कसं बोलू?” इतकं खरं उत्तर मला बऱ्याच दिवसांत कुणी दिलं नव्हतं.

रात्री भाईजानशी बोललो. ते चिडले. आणि त्यांची बाजूही इथे लिहिली पाहिजे. ते म्हणाले, “तू पुण्यात पगार घेतो. विहिरीची मोटर जळाली तेव्हा तू होता का? अम्मीला दवाखान्यात कोण नेतं? बहिणी आल्या की चार दिवस कोण करतं? आता तुला सवाब कमवायचाय, माझ्या जमिनीवर.” यातलं एकही वाक्य खोटं नाही. पगारदार माणसाला जमिनीबाबत उदार होणं सोपं जातं. पुढे ते म्हणाले, जमिनीचे तुकडे पडतील. मी म्हटलं, आपल्या दोघांत पडले तेव्हा ते तुकडे नव्हते का? आणि नाव लावणं वेगळं, सरी मोजून वाटणं वेगळं. शेवटी म्हणाले, “आपाचं ठीक आहे. मधलीचा नवरा आजच्या आज विकून खाईल.” खातही असेल. पण माझा हिस्सा विकून मी काय करतो, हे विचारायला आजवर कुणी आलेलं नाही.

मी एवढंच ठरवलं की माझ्यापुरतं करायचं. शरियतने माझे दोन एकर होते, सातबाऱ्यावर साडेतीन आहेत. दीड एकर माझं नाही. तिघींना अर्धा-अर्धा एकर परत द्यायचा.

वकिलाकडे गेल्यावर आणखी एक गोष्ट कळली. बहिणीने भावासाठी हक्क सोडायचा असेल तर मुद्रांकाचा खर्च अगदी नाममात्र येतो. तोच भावाने बहिणीला परत द्यायचा तर ते बक्षीसपत्र होतं आणि जमिनीच्या सरकारी दरावर टक्क्याने मुद्रांक भरावा लागतो. सोडणं स्वस्त, परत करणं महाग. आपल्याकडे हिबा तोंडीही चालतो, तीन गोष्टी पूर्ण झाल्या की पुरे. देणाऱ्याने देतो म्हणावं, घेणाऱ्याने घ्यावं आणि ताबा द्यावा. पण सातबारा तोंडी चालत नाही. मी बक्षीसपत्रच करायचं ठरवलं.

आपाला सांगायला तिच्या खोलीवर गेलो. ती पाय मारत होती, यंत्र थांबवलं नाही. म्हणाली, “भाईजान क्या बोले?” मी सांगितलं. ती म्हणाली, “तो फिर नको रे. मैं जमीन लेके भाई छोडूं क्या?” मी म्हटलं, मी कुठे जाणार नाही, जमीन घे नाहीतर नको घेऊ. मग तिने यंत्र थांबवलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, “त्या दिवशी मला नाही म्हणायचं होतं, असं नाही. मला एक दिवस विचार करायला पाहिजे होता. पण जीप दारात उभी होती.”

तेरा वर्षांत हे वाक्य ती कुणापाशीही बोलली नव्हती. आम्ही विचारलंच नव्हतं.

*

बक्षीसपत्र आपाचं झालं आणि मधलीचं झालं. मधलीचा नवरा, जो पूर्वी आमच्या दारात यायचा नाही, तो कचेरीत सगळ्यात आधी हजर होता, हेही सांगून टाकतो. धाकटी आली नाही. तिने निरोप पाठवला की भाईजान बोलायचे बंद होतील, माझ्या मुलीचं लग्न तोंडावर आहे, नंतर बघू. तिचा अर्धा एकर माझ्याकडे अमानत आहे, तसं मी लिहून ठेवलं आहे.

टेबलावर आता दुसरा माणूस होता. त्यानेही मान वर केली नाही. “स्वखुशीने देताय ना?” मी हो म्हणालो. मला ते म्हणायला काहीच जड गेलं नाही, कारण माझ्या शेजारी माझ्यावर नजर ठेवून कुणी उभं नव्हतं.

आपाची भीती खरी निघाली. भाईजान तिच्याशी बोलत नाहीत. बकरी ईदला तिच्याकडे दरवर्षी हिस्सा जायचा, या वर्षी गेला नाही. मी गेलो, पण मी गेल्याने ती जागा भरत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेव्हा कायद्याचा हक घ्या, सगळं छान होईल, असं मी कुणाला सांगणार नाही. रिवाज मोडला की तो दंड घेतोच. माझं म्हणणं एवढंच आहे की तो दंड आजवर एकट्या बहिणीने भरला, आता थोडा भावांनीही भरावा.

वाचकांपैकी कुणाच्या घरात नुकताच बाप गेला असेल, तर त्यांना दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. वारस नोंदीत बहिणींची नावं भोगवटादाराच्या रकान्यात लागली आहेत ना, ते बघा. ती ‘इतर हक्कां’त ढकलून दिलेली नसावीत. शोकाच्या दिवसांत कुणाकडून कसलीच सही घेऊ नका. बहिणीला सोडायचंच असेल तर सोडू दे, तो तिचा अधिकार आहे. पण तिला एकटीला विचारा, वेळ द्या, आणि नाही म्हणालीस तरी ईदला साडी येईल, हे आधी सांगा. आणि जे बाप अजून हयात आहेत, त्यांनी मुलांच्या नावे बक्षीसपत्र करून मुलींना आधीच बाहेर काढू नये. कागदात ते बसेल, पण त्याचा जाब कागदावर द्यायचा नाही.

फेरफार मंजूर झाल्यावर मी नवा उतारा काढून आपाला नेऊन दिला. तिला नीट वाचता येतं, सातवीपर्यंत शिकली आहे. तिने बोट ठेवून स्वतःचं नाव शोधलं. नावासमोर वीस गुंठे लिहिले होते. कागदाची घडी घालून तिने तो शिवणयंत्राच्या खणात ठेवला आणि म्हणाली, “चहा ठेवते. बस.” चहाबरोबर बिस्किटाचा अख्खा पुडा फोडून तिने माझ्यासमोर ठेवला.